यादीत ४३ हजार पुस्तकं: लिस्टव्ह्यू अडकतो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या वाचनालयासाठी सी-शार्पमध्ये विंडोज फॉर्म्सचा प्रोग्रॅम केलाय, मागे एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस. पुस्तकांच्या ४३ हजार नोंदी लिस्टव्ह्यूमध्ये (फॉर्मवर ओळी-कॉलमची यादी दाखवणारा कंट्रोल, म्हणजे तयार घटक) दाखवायच्या आहेत. फॉर्म उघडला की पाऊण मिनिट खिडकी पांढरी पडते आणि वर 'नॉट रिस्पाँडिंग' येतं. कॉलमच्या मथळ्यावर क्लिक करून क्रम बदलला की डबल-क्लिकला भलत्याच पुस्तकाची माहिती उघडते. काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. शेवटी विचारलंय, हे सगळं सोडून डेटाग्रिडव्ह्यू (सेलमध्ये टाइपही करता येणारा तक्ता) घेऊ का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो: एवढ्यासाठी नको. भलतं पुस्तक उघडण्याचा त्रास कदाचित तिथे जाईल, पण बाकीचे दोन तुमच्या मागोमाग त्या कंट्रोलमध्येही येतील. कारण ते कंट्रोलमुळे झालेलेच नाहीत.

आधी मोजा. स्टॉपवॉच क्लास घ्या आणि दोन वेळा वेगवेगळ्या लिहून काढा: सर्व्हरकडून नोंदी हातात येईपर्यंतची आणि त्या यादीत भरून होईपर्यंतची. तुम्ही दिलेल्या कोडवरून मला कुठे बोट ठेवावं लागेल ते दिसतंय. पुस्तकांच्या लूपच्या आत प्रत्येक पुस्तकासाठी लेखकाचं नाव आणायला वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आहे. म्हणजे पुस्तकांची एक आणि लेखकांच्या ४३ हजार, मिळून ४३,००१ फेऱ्या. सर्व्हर त्याच मशीनवर असला तरी प्रत्येक फेरीला थोडा वेळ जातोच; तो थोडा वेळ ४३ हजारांनी गुणलात की पाऊण मिनिट होतं. बिचाऱ्या लिस्टव्ह्यूचा यात फारसा दोष नाही.

लेखक जॉइन करून, म्हणजे पुस्तकांचं आणि लेखकांचं टेबल जोडून, एकाच क्वेरीत आणा. पण कुठला जॉइन लावता ते बघा. साधा इनर जॉइन लावलात तर ज्या पुस्तकांना लेखकच नोंदवलेला नाही (जुनी मासिकं, स्मरणिका, अहवाल) ती यादीतून गुपचूप गायब होतील. कुठलीही एरर येणार नाही. वर्षाच्या शेवटी दाखल नोंदवहीशी आकडा जुळेना झाला की ग्रंथपाल विचारतील. म्हणून लेफ्ट जॉइन, तो लेखक नसलेली पुस्तकंही ठेवतो. आणि एका पुस्तकाला दोन लेखक किंवा दोन संपादक असतील तर लेफ्ट जॉइन त्या पुस्तकाच्या दोन ओळी करेल. एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून स्ट्रिंग_ॲग आहे, त्याने दोन्ही नावं स्वल्पविरामाने एकत्र येतात. ओळींची संख्या आणि पुस्तकांची संख्या सारखीच आली पाहिजे, हे एकदा काउंट लावून तपासा.

आता भरण्याचा भाग. एकेक आयटम ॲड करत गेलात तर कंट्रोल दर वेळी स्वतःला पुन्हा रंगवायला बघतो. त्याऐवजी आधी लिस्टव्ह्यूआयटमचा ॲरे तयार करा आणि ॲडरेंजने एकदम द्या. आधी बिगिनअपडेट, नंतर एंडअपडेट, आणि एंडअपडेट फायनलीमध्ये, नाहीतर मध्ये एरर आली तर यादी गोठलेलीच राहील. भरताना सॉर्टिंग प्रॉपर्टी नन ठेवा आणि लिस्टव्ह्यूआयटमसॉर्टर नल (रिकामा) ठेवा. हे दोन विसरून लोक एकेक ओळ योग्य जागी घुसवत बसतात. कॉलमची रुंदी जमवणंही लूपच्या बाहेर, शेवटी एकदाच: रुंदी -१ दिली तर सर्वात लांब मजकुराइतकी होते, -२ दिली तर मथळ्याइतकी.

जाता जाता, नवीन माणूस हमखास अडकतो ती जागा: व्ह्यू प्रॉपर्टी डिटेल्स केली नाही तर कॉलम दिसतच नाहीत, कारण मुळातली किंमत लार्जआयकॉन असते. तुमचे दिसतायत, म्हणजे ती पायरी तुम्ही ओलांडलीय.

भलतं पुस्तक उघडतं त्याचं कारण तुमच्या डबल-क्लिकच्या कोडमध्ये आहे. निवडलेल्या ओळीचा इंडेक्स (यादीतला क्रमांक) घेऊन तुम्ही डेटाटेबलमधली (मेमरीत आणलेल्या टेबलमधली) त्याच क्रमांकाची रो उघडता. यादी आणि टेबल एकाच क्रमात आहेत तोवर हे चालतं. मथळ्यावर क्लिक झालं की यादी हलते, टेबल जागेवरच राहतं. पुस्तकाची ओळख त्याच्या जागेवरून ठरवूच नका. प्रत्येक आयटमच्या टॅग प्रॉपर्टीत पुस्तकाची प्रायमरी की (टेबलमधली त्याची एकमेव, न बदलणारी ओळख) ठेवा आणि उघडताना तीच वाचा. दाखल क्रमांक नको, की. दाखल क्रमांक माणसं दुरुस्त करतात.

टॅग माहीत नव्हता तेव्हा मी व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मध्ये की एका शून्य रुंदीच्या कॉलममध्ये लपवायचो. बरेच जण अजूनही तसं करतात. एका ठिकाणी काउंटरवरच्या बाईंनी मथळ्यांच्या मधली रेघ चुकून ओढली, तो कॉलम उघडा पडला, आणि त्यांनी महिनाभर तेच आकडे पावत्यांवर लिहिले. चूक त्यांची नव्हती. दिसलेला पहिला नंबर त्यांनी लिहिला.

याच भागातली आणखी एक खोच. सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड हा इव्हेंट एका क्लिकला दोनदा येतो: जुनी ओळ सुटली तेव्हा एकदा, नवी निवडली गेली तेव्हा पुन्हा. पहिल्या वेळी निवड रिकामी असते, आणि तिथे तुम्ही डोळे झाकून सिलेक्टेडआयटम्सचा शून्यावा घटक मागितलात तर एरर. आधी काउंट शून्य आहे का बघा आणि तसं असेल तर परत फिरा.

क्रमवारीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण मराठी यादीत ती दोन पातळ्यांवर चुकते.

पहिली पातळी सगळ्यांना माहीत असलेली. लिस्टव्ह्यूला फक्त मजकूर कळतो. त्याच्या दृष्टीने दाखल क्रमांक १०००० हा ९९९ च्या आधी येतो, कारण १ हे ९ च्या आधी. तारखांचं तेच: ०२/११/२०२३ ही तारीख १५/०१/२०१९ च्या आधी. दिसणारा मजकूर आणि तुलना करायची किंमत वेगळी ठेवा. टॅगमध्ये नुसती की ठेवण्याऐवजी पुस्तकाचा पूर्ण ऑब्जेक्ट ठेवलात तर कंपेअररला, म्हणजे तुलना करणाऱ्या कोडला, खरा आकडा आणि खरी तारीख मिळते.

दुसरी पातळी आपली खास. युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ०९३३ आणि व चा ०९३५. म्हणजे ळ हा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी बसलाय. आपल्या वर्णमालेत मात्र तो ह च्या नंतर येतो, त्यापुढे क्ष आणि ज्ञ. आता लेखकांच्या यादीत काळे, कावळे आणि कासार ही तीन आडनावं घ्या. नुसत्या युनिकोड क्रमांकांनी लावली तर काळे, कावळे, कासार असा क्रम येतो. मराठी कोशाच्या क्रमाने कावळे, कासार, काळे असा यायला हवा. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची मुळातली तुलना बायनरी (नुसत्या बाइट्सची) असते, म्हणजे तिथे पहिला, चुकीचाच क्रम मिळणार. सी-शार्पमध्ये ऑर्डिनल (नुसत्या युनिकोड क्रमांकांची) तुलना वापरलीत तरी तेच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलमचं कोलेशन (तुलनेचे नियम) इंडिक_जनरल घराण्यातलं लावून बघा, आणि प्रोग्रॅममध्ये मराठी-भारत कल्चरच्या कंपेअरइन्फोने तुलना करा. दोन्हीकडे हीच तीन आडनावं टाकून निकाल डोळ्यांनी पाहा, मगच पुढे जा. ज्यांनी आयुष्यभर कार्ड कॅटलॉग हाताने लावलाय त्यांना काळे चुकीच्या जागी दिसला की पहिल्याच दिवशी कळतं.

सर्व्हरचा क्रम मनासारखा येत नसेल तर मी एक उपाय वापरतो. प्रोग्रॅममध्ये कंपेअरइन्फोच्या गेटसॉर्टकीने प्रत्येक नावाची क्रमवारी-की काढायची, तिचे बाइट्स व्हारबायनरी कॉलममध्ये साठवायचे, त्यावर डेटाबेसचा इंडेक्स (शोध-सूची) करायचा आणि ऑर्डर बाय त्या कॉलमवर. क्रम मराठी, काम सर्व्हरचं, वेगही उत्तम. अट एकच: ती की डॉटनेटच्या ज्या आवृत्तीने आणि ज्या भाषा-लायब्ररीने काढली, त्यांत बदल झाला तर सगळ्या की पुन्हा काढाव्या लागतात. डॉटनेट ५ पासून विंडोजवरही मुळात आयसीयू ही भाषा-लायब्ररी वापरली जाते, त्यामुळे जुन्या फ्रेमवर्कवरून नव्यावर जाताना हे नक्की करा. आणि ऑर्डर बायच्या शेवटी प्रायमरी की जोडा. एकाच नावाची पाच पुस्तकं असली तर त्यांचा आपसातला क्रम दर वेळी बदलायला नको.

प्रश्नचिन्हांकडे येऊ. स्क्रीनवर नक्की काय दिसतं त्यावरून रोग कळतो. चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही, डेटा शाबूत आहे. निर्मला यूआय किंवा मंगल लावा. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल तर तो मजकूर श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्याला कन्व्हर्टर लागेल. आणि खरीच प्रश्नचिन्हं असतील, तर वाईट बातमी: मूळ अक्षरं गेली. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं ॲन्सी कोडपेज (युनिकोडआधीचा अक्षरतक्ता) नाहीच. त्यामुळे मजकूर व्हारचार (युनिकोड नसलेल्या) कॉलममध्ये टाकला, किंवा कॉलम एनव्हारचार (युनिकोड) असूनही क्वेरीत अवतरणाच्या आधी एन लावायचा राहिला, की सर्व्हर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठवतो. तुमची काहीच नावं बिघडली आहेत, याचा अर्थ नोंद टाकण्याचे तुमच्याकडे दोन रस्ते आहेत आणि त्यातला एक मजकूर जोडून क्वेरी बनवतो. माझा अंदाज, एक्सेलमधून आयात करण्याचा. मजकूर जोडण्याऐवजी पॅरामीटर वापरा, प्रकार एनव्हारचार द्या. बिघडलेल्या नोंदी मूळ एक्सेल फाइलमधून किंवा दाखल नोंदवहीतून पुन्हा भराव्या लागतील, त्याला दुसरा मार्ग नाही.

देवनागरीचा आणखी एक त्रास: छोट्या फॉन्टमध्ये वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार ओळीत कापले जातात. लिस्टव्ह्यूला ओळीची उंची देण्याची प्रॉपर्टीच नाही. जुनी युक्ती अशी की एक रिकामी इमेजलिस्ट घ्यायची, तिच्या चित्राचा आकार १ बाय २६ ठेवायचा आणि ती स्मॉलइमेजलिस्टला जोडायची. ओळी तेवढ्या उंच होतात. जुगाड आहे, पण मी वर्षानुवर्षं वापरतोय.

आता व्हर्च्युअल मोड, कारण तुम्ही कुठेतरी वाचून 'तो लावू का' असंही विचारलंय. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक नोंदीचा आयटम बनवून कंट्रोलच्या ताब्यात द्यावा लागतो, स्क्रीनवर तीसच ओळी मावत असल्या तरी. व्हर्च्युअल मोडमध्ये कंट्रोलला फक्त संख्या सांगायची, व्हर्च्युअललिस्टसाइझ ४३ हजार, आणि त्याला जी ओळ रंगवायची असेल ती तो रिट्रीव्हव्हर्च्युअलआयटम या इव्हेंटमधून मागतो. खाली विंडोजची तीच जुनी ओनरडेटा शैली आहे, तिची मर्यादा १० कोटी ओळी. आपल्या वाचनालयाला पुरेल.

मी तो असा लावतो. क्रम लावलेल्या फक्त प्रायमरी की एका ॲरेत आणतो. ४३ हजार पूर्णांक म्हणजे पावणेदोनशे केबीसुद्धा होत नाहीत. मग कॅशव्हर्च्युअलआयटम्स इव्हेंट कंट्रोलला लवकरच लागणाऱ्या ओळींचा पट्टा सांगतो, उदाहरणार्थ १२०० ते १२३०. मी त्या पट्ट्याभोवतीच्या दोनशे की घेऊन त्यांचा तपशील एका क्वेरीत आणतो आणि डिक्शनरीत ठेवतो. रिट्रीव्हच्या इव्हेंटमध्ये आधी डिक्शनरी बघतो. तिथे नसेल तर एकट्या ओळीसाठी सर्व्हरकडे न जाता तिचा अख्खा पट्टाच आणतो, कारण तो इव्हेंट माउस नुसता फिरला तरी पुन्हापुन्हा येऊ शकतो. त्यात ओळीला एक क्वेरी घातलीत तर सुरुवातीच्या ४३ हजार फेऱ्यांवरच परत आलात.

या मोडचे नखरे माहीत असू द्या. आयटम्समध्ये ॲड करता येत नाही. सिलेक्टेडआयटम्स वापरता येत नाही, सिलेक्टेडइंडायसेस वापरायचं. कंट्रोलची स्वतःची क्रमवारी चालत नाही. क्लिक झालं की कींचा ॲरे नव्या क्रमाने आणून रिफ्रेश करायचं, आणि निवड जागेवर चिकटलेली राहते म्हणून आधी निवडलेली की लक्षात ठेवून नव्या ॲरेत तिची जागा शोधून निवड बदलायची. प्रत्येक कॉलमसाठी सबआयटम दिलाच पाहिजे. प्रकाशकाचं नाव नल आहे म्हणून तो जोडायचा टाळलात तर तिथेच एक्सेप्शन. नलच्या जागी रिकामी स्ट्रिंग घाला. आणि शोधामुळे यादी लहान होणार असेल तर संख्या बदलण्याआधी निवड रिकामी करा.

एवढं सांगून झाल्यावर माझं खरं मत: तुम्हाला हे बहुतेक लागणारच नाही. देवघेवीच्या काउंटरवर उभा असलेला माणूस ४३ हजार ओळी खाली ओढत बसत नाही. तो दाखल क्रमांक मारतो किंवा नावाची दोन अक्षरं टाइप करतो. मी फॉर्म उघडल्यावर शेवटी दाखल झालेली २०० पुस्तकंच दाखवतो आणि कर्सर शोधाच्या चौकटीत ठेवतो. प्रत्येक अक्षराला क्वेरी नको. ३०० मिलिसेकंदांचा टायमर ठेवा, टाइप करताना तो पुन्हा सुरू करत राहा, थांबला की शोधा. 'पासून सुरू होणारं' असा शोध इंडेक्स वापरतो. दोन्ही बाजूंना टक्केचिन्ह लावून 'कुठेही असलेलं' शोधलंत की अख्खं टेबल चाळावं लागतं. ४३ हजारांना तेही सहन होतं, पण माहीत असावं.

शोधात मराठीचा एक सापळा आहे, तो मला एका पूर्ण दुपारला पडला. 'दुसऱ्या' हा शब्द टाइप करून मिळेना, यादीत मात्र समोर दिसत होता. ऱ्य हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी साठवलं जातं: एक ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, युनिकोड ०९३१, दुसरं साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे, तुलनेला वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही हे दोन एकत्र करत नाही. म्हणून मी शोधासाठी वेगळा कॉलम ठेवतो. त्यात सगळे अदृश्य जोडक काढलेले, ऱ चा र केलेला, दीर्घ वेलांटी आणि ऊकार ऱ्हस्व केलेले. शोधाचा शब्दही त्याच फंक्शनमधून काढायचा. मग 'गिता' लिहिणाऱ्यालाही गीता सापडते. दाखवायचा कॉलम मात्र मूळ तसाच ठेवायचा.

खिडकी पांढरी पडण्याबद्दल: क्वेरी एसिंक-अवेटने, म्हणजे खिडकी न अडवता, चालवा. लूपच्या मध्ये ॲप्लिकेशन.डूइव्हेंट्स टाकून वेळ मारून नेऊ नका. त्याने खिडकी जिवंत वाटते खरी, पण वापरणारा तेच बटण पुन्हा दाबतो आणि भरणं भरण्याच्या आत सुरू होतं. एसिंक केल्यावरही एक काळजी घ्या. 'शि'चा शोध उशिरा परत आला आणि 'शिवा'चा आधी, तर जुना निकाल नव्यावर बसतो. प्रत्येक शोधाला चढता क्रमांक द्या, आणि परत आलेला निकाल शेवटच्या क्रमांकाचा नसेल तर टाकून द्या.

डेटाग्रिडव्ह्यू घ्यायचं खरं कारण एकच आहे, यादीतच सेलमध्ये टाइप करून दुरुस्ती करायची असेल. त्याला डेटासोर्स आहे, त्याचाही व्हर्च्युअल मोड आहे. नुसतं बघून निवडायचं असेल तर लिस्टव्ह्यू हलका आणि नेमका. डब्ल्यूपीएफवर (विंडोजच्या खिडक्या बनवायची दुसरी पद्धत) गेलात तर तिथला लिस्टव्ह्यू दिसणाऱ्याच ओळी बनवतो, फक्त त्याला स्टॅकपॅनलमध्ये किंवा दुसऱ्या स्क्रोलव्ह्यूअरमध्ये कोंबू नका, नाहीतर तो सगळ्या ४३ हजार बनवेल.

तुमच्या 'शेरा' कॉलममधला मजकूर मध्येच तुटतो असं ओझरतं लिहिलंय, ते बिघडलेलं नाही. हा कंट्रोल एका खान्यात २५९ अक्षरांपुढचं दाखवतच नाही, आणि देवनागरीत काने-मात्रेही त्यात मोजले जातात. पूर्ण शेरा खालच्या मजकूर-चौकटीत दाखवा. किंमतीचा कॉलम पहिला ठेवू नका, पहिला कॉलम उजवीकडे सरकत नाही. आणि पुस्तक दुरुस्त करून सेव्ह केलं की सगळी यादी पुन्हा भरू नका: टॅगमधल्या कीवरून ती एक ओळ शोधा आणि तिचेच सबआयटम बदला. काउंटरवरचा माणूस जिथे होता तिथेच राहतो.